आर्चर२चा वेग कमी केला तेव्हा: विद्यापीठाच्या महासंगणकाचा वीज आणि कार्बनचा हिशोब

डिसेंबर २०२२मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या आर्चर२ या महासंगणकावर प्रोसेसरचा डीफॉल्ट वेग, म्हणजे कुणी वेगळं काही सांगितलं नाही तर लागू होणारा वेग, २.२५ गिगाहर्ट्झवरून २ गिगाहर्ट्झवर आणला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात बायोसमधलं, म्हणजे यंत्र सुरू होताना हार्डवेअर जुळवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधलं, एक सेटिंग बदललेलं होतं. या दोन बदलांमुळे यंत्राच्या कपाटांचा सरासरी वीजभार ३,२२० किलोवॉटवरून २,५३० किलोवॉटवर उतरला. ६९० किलोवॉट कमी, म्हणजे सुमारे २१ टक्के. वर्षभर हाच भार धरला तर साठ लाख युनिटची बचत. त्यासाठी एकही नवं यंत्र विकत घ्यावं लागलं नाही.

विद्यापीठातलं कंप्युटिंग पर्यावरणाला कमी जाचक कसं करायचं, या चर्चेत ‘वापर नसेल तेव्हा संगणक बंद करा’ यापलीकडे फारसं काही येत नाही. आर्चर२चं प्रकरण मला मोलाचं वाटतं, कारण इथे प्रत्येक पायरी मोजली गेली, आकडे जाहीर झाले आणि हिशोबातली अडचणीची बाजूही उघड मांडली गेली. वीज वाचली हे खरंच आहे. पण तेवढ्यामुळे पर्यावरणावरचा भार किती हलका झाला, याचं उत्तर प्रोग्रॅमगणिक आणि ग्रिडगणिक बदलतं. या लेखात मी मुख्यतः तोच हिशोब उलगडणार आहे.

यंत्र आणि त्याची वीज

आर्चर२ हा ब्रिटनचा राष्ट्रीय संशोधन महासंगणक. तो एडिनबरा विद्यापीठाचं ईपीसीसी हे केंद्र चालवतं. देशभरातले संशोधक त्यावर काम पाठवतात. पदार्थविज्ञान, हवामान, समुद्र, द्रवांचे प्रवाह, रेणूंच्या हालचाली असे सगळे विषय तिथे असतात. यंत्र एचपीई क्रे ईएक्स बनावटीचं आहे. २३ कपाटांत ५,८६० नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले स्वतंत्र संगणक, आहेत. प्रत्येक नोडमध्ये एएमडी कंपनीचे ६४ कोरचे (गणितं करणाऱ्या भागांचे) दोन प्रोसेसर. म्हणजे एकूण साडेसात लाख कोर. पूर्ण सेवा नोव्हेंबर २०२१मध्ये सुरू झाली.

केंद्राने सगळ्यात आधी वीज नेमकी जाते कुठे ते मोजलं. काम चालू असताना एक नोड सुमारे ५१० वॉट घेतो. ५,८६० नोडचे मिळून तीन हजार किलोवॉट होतात. नोडना जोडणारे ७६८ स्विच आहेत, ते दोनशे किलोवॉटच्या आसपास खातात. थंड पाणी फिरवणाऱ्या सहा यंत्रणा मिळून शंभराच्या थोडं खाली, आणि माहिती साठवणाऱ्या फाइल सिस्टिम अवघे चाळीस किलोवॉट. यावरून कुठे हात घालायचा ते स्पष्ट झालं. साठवणीची कितीही काटकसर केली तरी वीजबिलावर ओरखडाही उठणार नव्हता. जे काही करायचं ते नोडमध्येच.

याच मोजणीतला दुसरा आकडा मात्र कुठल्याही विद्यापीठाने भिंतीवर लावावा असा आहे. नोडवर काहीही काम नसलं, तो नुसता चालू असला, तरी तो सुमारे २३० वॉट घेतो. पूर्ण भाराच्या ४५ टक्के. स्विच तर कामात असोत वा नसोत, जवळपास तेवढीच वीज ओढतात. आर्चर२वर कामांची रांग सतत भरलेली असते आणि ९० टक्क्यांहून जास्त नोड कामात असतात, त्यामुळे तिथे ही गळती लहान राहते. जिथे यंत्र निम्मा वेळ रिकामं पडून असतं तिथे ती किती मोठी होते, ते पुढे पाहू.

पहिला बदल: सरस चिपना आवर

एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेल्या चिपही तंतोतंत सारख्या नसतात. काही कमी विजेत जास्त वेग देतात, काहींना तेवढ्याच वेगासाठी जास्त वीज लागते. एएमडीच्या या प्रोसेसरमध्ये त्यासाठी दोन पर्याय दिलेले असतात. एकात प्रत्येक चिपला ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वीज घेऊ देतात. मग चांगल्या चिप इतरांहून पुढे धावतात. दुसऱ्यात सगळ्या चिप एकसारख्या वेगाने चालवतात आणि चांगल्या चिप आपोआप कमी वीज घेतात.

आर्चर२ पहिल्या पर्यायावर चालत होता. ऐकायला तो बरा वाटतो, कारण ज्याच्यात दम आहे त्याला पुढे जाऊ दिलं जातं. पण महासंगणकावरचं काम शेकडो नोड मिळून करतात आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांना एकमेकांसाठी थांबून आकड्यांची देवाणघेवाण करावी लागते. सगळ्यात मंद नोड येईपर्यंत बाकीचे थांबलेले. चांगल्या चिपने जादा वीज खाऊन मिळवलेली आघाडी त्या थांबण्यातच जिरते. पदरात काही पडत नाही.

मे २०२२मध्ये दुसरा पर्याय निवडला गेला. चाचणीत प्रोग्रॅम जेमतेम एक टक्क्याने मंदावले, आणि नोडची वीज ६ ते १० टक्क्यांनी कमी झाली. कपाटांचा सरासरी भार ३,२२० वरून ३,०१० किलोवॉटवर आला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत निखळ फायदा आहे. कुणाचं काम अडलं नाही, कुणाला आपल्या स्क्रिप्टमधला (यंत्राला काम सांगणाऱ्या फाइलमधला) एक शब्द बदलावा लागला नाही, आणि पुढे येणारा कार्बनचा पेचही इथे जवळजवळ लागू होत नाही. असे प्रोसेसर असलेला कुठलाही क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच) चालवणाऱ्याने आधी हे सेटिंग तपासावं, बाकीचं नंतर.

दुसरा बदल: घड्याळ मंद केलं

२०२२च्या हिवाळ्याआधी ब्रिटनमध्ये विजेचे दर भडकले होते आणि वाईटात वाईट परिस्थितीत काही तास भारनियमन करावं लागेल, असा इशारा ग्रिड चालवणाऱ्यांनी दिला होता. तीन मेगावॉट खाणाऱ्या यंत्राला आणखी काटकसर करणं भाग होतं.

सेटिंगवर २.२५ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी त्या सेटिंगवर टर्बो, म्हणजे जमेल तेव्हा लिहिलेल्या वेगाच्या पुढे धावण्याची सोय, चालू असतो आणि प्रोसेसर प्रत्यक्षात २.८ गिगाहर्ट्झच्या आसपास धावत होता. २ गिगाहर्ट्झ निवडलं की टर्बो बंद होतो. म्हणजे कागदावर अकरा टक्क्यांची दिसणारी कपात खरं तर पाव भागाहून मोठी होती. वेग वाढवायचा तर चिपला व्होल्टेज जास्त द्यावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. तो सोडून दिला की वीज भराभर उतरते. कपाटांचा भार ३,०१० वरून २,५३० किलोवॉटवर आला तो यामुळेच.

वेग कमी झाल्याचा फटका मात्र सगळ्यांना सारखा बसला नाही. पदार्थविज्ञानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हास्प या प्रोग्रॅमची एक चाचणी साधारण ५ टक्क्यांनी मंदावली आणि तिची वीज १२ टक्क्यांनी घटली. रेणूंच्या हालचाली मोजणाऱ्या लॅम्प्सच्या चाचणीत वेग तब्बल २६ टक्क्यांनी पडला, वीज वाचली फक्त ७ टक्के. फरकाचं कारण प्रोग्रॅमच्या स्वभावात आहे. व्हास्पसारख्या कामात प्रोसेसर बराच वेळ मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत बसतो. घड्याळ मंद झालं तरी मेमरी आपल्या गतीने आकडे देतच राहते, म्हणून नुकसान थोडं. लॅम्प्स मात्र जवळ असलेल्या आकड्यांवरच गणितं करत राहतो. तिथे घड्याळ जितकं मंद, तितकं काम मंद.

केंद्राने इथे सरसकट निर्णय लादला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केंद्राने स्वतः बसवून दिलेले जे प्रोग्रॅम दहा टक्क्यांहून जास्त मंदावणार होते, त्यांच्यासाठी जुनाच वेग आपोआप लागू होईल अशी सोय केली. इतर कुणाला जुना वेग हवा असेल तर जॉबच्या (यंत्राला पाठवलेल्या कामाच्या) स्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहून तो मागता येतो. बदल फक्त डीफॉल्टमध्ये झाला. ज्याने काहीच लिहिलं नाही त्याचं काम कमी विजेत चालतं, आणि ज्याला घाई आहे त्याला ते मुद्दाम सांगावं लागतं. जॉब संपल्यावर स्लर्मला, म्हणजे कामांची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारलं की त्या जॉबच्या नोडनी किती वीज घेतली ते ज्यूलमध्ये समोर येतं. ३६ लाख ज्यूल म्हणजे एक युनिट. तेव्हा एका नोडच्या तासाभराच्या कामाला १८ लाखांच्या आसपासचा आकडा दिसला तर अर्धं युनिट गेलं असं समजायचं. हा आकडा फक्त नोडचा आहे, स्विच आणि पाण्याचे पंप त्यात धरलेले नाहीत.

यंत्र बनवतानाच झालेलं उत्सर्जन

चिप बनवायला, सर्किट बोर्ड बनवायला, धातू वितळवायला आणि सगळं जहाजातून आणायला जो कार्बन हवेत जातो, तो यंत्राची कळ दाबण्याआधीच गेलेला असतो. आर्चर२साठी केंद्राने केलेला अंदाज असा: एका नोडमागे सुमारे १,१०० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि स्विच, डिस्क वगैरे धरून संपूर्ण यंत्राचे ७,३२० टन. त्यातले ६,४०० टनांहून जास्त एकट्या नोडचेच.

यंत्र सहा वर्षं चालेल असं धरून हे टन नोडच्या तासांवर वाटले, तर दर नोड-तासाला (एक नोड तासभर चालला की) सुमारे २४ ग्रॅम येतात. आता विजेची बाजू. नोड तासाला अर्धं युनिट घेतो. ग्रिडची वीज दर युनिटमागे ४८ ग्रॅम कार्बन सोडत असेल, तर विजेचेही २४ ग्रॅम होतात आणि दोन्ही पारडी बरोबरीत येतात. त्याहून स्वच्छ ग्रिडवर बनवतानाचा कार्बन भारी ठरतो, मळक्या ग्रिडवर विजेचा. केंद्राच्या अभ्यासात यासाठी ढोबळ पट्टे दिले आहेत. युनिटमागे ३० ग्रॅमच्या खाली असाल तर यंत्राकडून जास्तीत जास्त काम काढून घ्या. १००च्या वर असाल तर वीज वाचवण्याला प्राधान्य द्या. मधल्या पट्ट्यात दोन्हींचा तोल सांभाळा.

इथे एक शंका हमखास निघते. बनवताना झालेलं उत्सर्जन तर होऊन गेलं, आता यंत्र हळू चालवा नाहीतर जोरात, ते परत येणार नाही. मग ते मोजायचं कशाला? यंत्रावर रांग नसती तर ही शंका रास्त होती. पण आर्चर२ कायम भरलेला असतो. वेग कमी केल्याने वर्षाला जेवढं संशोधन मागे पडेल, तेवढ्याची मागणी पुढच्या यंत्राच्या खरेदीत उतरते, आणि ते यंत्र तेवढं मोठं घ्यावं लागतं. म्हणून दर कामामागे दोन्ही बाजूंचा कार्बन धरणं मला योग्य वाटतं.

दोन प्रोग्रॅम, दोन उत्तरं

वरच्याच आकड्यांवरून मी दोन्ही चाचण्यांचा हिशोब मांडून पाहिला. आकडे ढोबळ आहेत, पण कल स्पष्ट दिसतो.

आधी व्हास्प. जुन्या वेगाने एक नोड-तास लागणारं काम आता १.०५ नोड-तास घेतं. बनवतानाच्या कार्बनचा वाटा २४ वरून साधारण २५.२ ग्रॅमवर गेला, म्हणजे सव्वा ग्रॅम जास्त. वीज अर्ध्या युनिटवरून ०.४४ युनिटवर आली, म्हणजे ०.०६ युनिट वाचलं. ग्रिड युनिटमागे २० ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन सोडत असेल तर मंद वेग फायद्याचा. जगातल्या बहुतेक ग्रिड या रेषेच्या बऱ्याच वर आहेत, तेव्हा व्हास्पचा निर्णय सोपा आहे.

लॅम्प्सचं काम मात्र १.३५ नोड-तासांवर जातं. बनवतानाचा वाटा २४ वरून ३२ ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे आठ-साडेआठ ग्रॅम जास्त. वाचलेली वीज फक्त ०.०३५ युनिट. दोन्ही पारडी बरोबरीत यायला ग्रिड युनिटमागे सुमारे २४० ग्रॅमची असावी लागते. २०२२ साली ब्रिटनच्या ग्रिडची सरासरी १८० ग्रॅमच्या आसपास होती, आणि पवनऊर्जेमुळे स्कॉटलंडची त्याहून बरीच कमी. म्हणजे लॅम्प्सचं काम तिथे मंद चालवलं असतं तर विजेचा मीटर खाली आला असता आणि दर कामामागचा कार्बन वाढला असता. त्यातही स्विच आणि पंप जास्त वेळ चालतात ते मी धरलेलंच नाही. ते धरलं तर वेगाच्या बाजूचं पारडं आणखी जड होतं. दहा टक्क्यांहून मंदावणाऱ्या प्रोग्रॅमना जुना वेग ठेवण्याची केंद्राची रीत या हिशोबात चपखल बसते.

हाच लॅम्प्स कोळशावर भर असलेल्या, युनिटमागे ७०० ग्रॅम सोडणाऱ्या ग्रिडवर नेला, तर विजेत साडेचोवीस ग्रॅम वाचतात आणि बनवतानाच्या वाट्यात साडेआठ वाढतात. तिथे उत्तर उलटतं. म्हणून एडिनबरामधलं सेटिंग जसंच्या तसं उचलून दुसरीकडे लावण्यात अर्थ नाही. उचलायची ती मोजणीची पद्धत.

करारातलं शून्य

आर्चर२ची वीज १०० टक्के प्रमाणित नवीकरणीय स्रोतांची आहे. कागदोपत्री तिचं उत्सर्जन शून्य धरता येतं. हे शून्य वरच्या हिशोबात घातलं तर निष्कर्ष भलताच निघतो: वीज कितीही जाळा, फक्त यंत्र जोरात पळवा. मला हे पटत नाही. करार कुणाशीही असो, तारांमधून येणारी वीज एकाच ग्रिडची असते. विद्यापीठाने वाचवलेलं पवनऊर्जेचं युनिट ग्रिडवर दुसऱ्या कुणाला तरी मिळतं आणि तेवढा गॅस कमी जळतो. यंत्र कसं चालवायचं हे ठरवताना ग्रिडचा त्या वेळचा खरा आकडा धरावा. ब्रिटनमध्ये तो विभागवार आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने जाहीर होतो. करार जरूर करावेत, त्यातून पवनचक्क्यांना बाजार मिळतो. पण वेगाचा निर्णय त्यांच्या भरवशावर घेऊ नये.

रिकामे नोड

बहुतेक विद्यापीठांकडे आर्चर२ नसतो. असतात ते विभागांनी आपापल्या अनुदानातून घेतलेले छोटे क्लस्टर. एखाद्या प्रयोगशाळेतल्या चार रॅक, ज्या प्रबंध सादर करायच्या दिवसांत ओसंडून वाहतात आणि एरवी शांत असतात. त्यांना वेगाचं सेटिंग हा दुय्यम प्रश्न आहे.

नोड निम्मा वेळ रिकामा असला, तर कामाच्या प्रत्येक तासामागे एक रिकामा तास येतो. ५१० वॉटच्या जोडीला २३० वॉट. कामाच्या तासाला अर्ध्याऐवजी पाऊण युनिट लागतं, आणि बनवतानाचा कार्बन २४ ऐवजी ४८ ग्रॅम होतो. वर पाहिलेल्या दोन्ही बदलांनी मिळून जेवढं कमावलं त्याच्या दुपटीहून जास्त इथे नुसतं पडून राहण्यात जातं. उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. विभागांचे क्लस्टर एका छताखाली, एका रांगेत आणायचे. ज्यांनी पैसे घातले त्यांना गरजेच्या वेळी अग्रक्रम द्यायचा आणि उरलेला वेळ सगळ्यांना खुला ठेवायचा. बराच वेळ काम न मिळालेले नोड स्लर्म स्वतः बंद करू शकतो आणि रांग वाढली की पुन्हा चालू करू शकतो, ती सोय त्यात आहेच. खरी अडचण मालकीची असते. ‘आमच्या अनुदानातलं यंत्र’ दुसऱ्याच्या रांगेत द्यायला कुणी सहज तयार होत नाही. ते सिस्टिम ॲडमिनने एकट्याने सोडवायचं काम नव्हे. कुलगुरूंच्या पातळीवर धोरण ठरल्याशिवाय ते मार्गी लागणार नाही.

नवं यंत्र कधी घ्यावं

खरेदीच्या बैठकीत ‘नवं यंत्र कमी वीज खातं, म्हणून ते पर्यावरणाला चांगलं’ हे वाक्य ठरलेलं असतं. आर्चर२च्या आकड्यांनी ते तपासता येतं.

समजा, नवा नोड तेच काम निम्म्या विजेत करतो आणि तो बनवतानाही १,१०० किलो कार्बन जातो. जुना नोड वर्षभर भरलेला चालला तर सुमारे ४,४०० युनिट घेतो, म्हणजे नव्याने दर वर्षी २,२०० युनिट वाचतील. ७०० ग्रॅमच्या ग्रिडवर हे दीड टनाहून जास्त होतात आणि नव्या नोडचा कार्बन आठ-नऊ महिन्यांत वसूल होतो. तिथे जुनं यंत्र भावनेपोटी चालवत राहणं चुकीचं ठरेल. ३० ग्रॅमच्या ग्रिडवर मात्र वर्षाला जेमतेम ६६ किलो वाचतात. वसुलीला सोळा-सतरा वर्षं लागतील, आणि तोवर नोड टिकत नाही. तिथे विद्यापीठाने नव्या निविदेऐवजी देखभालीचा करार वाढवून घ्यावा. सहाऐवजी आठ वर्षं चालवलं तर बनवतानाचा वाटा नोड-तासाला २४ वरून १८ ग्रॅमवर येतो.